बाबासाहेबांचे वाचन आणि आपले ग्रंथालय

आपल्या निवासी शाळेच्या ग्रंथालयात धम्मविषयक ग्रंथ आहेत, बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड आहेत, महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय आहे. आणि त्याच कपाटाच्या खालच्या फळीवर रामायण, महाभारत, भगवद्गीता व मनुस्मृती यांची मराठी भाषांतरेही आहेत. गेल्या पालकसभेत या खालच्या फळीविषयी एका पालकांनी प्रश्न विचारला. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी ज्या ग्रंथाचे दहन झाले, तो ग्रंथ बौद्धांनी चालविलेल्या शाळेत कशासाठी ठेवावयाचा? प्रश्न रागाने विचारलेला नव्हता. ज्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षेनंतर घरातले देव नदीत विसर्जित केले, त्या घरातील माणसाला असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. सभेत वेळ अपुरा होता, उत्तर अर्धवट राहिले. दरम्यान ती फळी रिकामी करावी असा प्रस्ताव व्यवस्थापन समितीपुढे आला आहे आणि समितीत त्याविषयी दोन मते आहेत. आमचे मत फळी ठेवावी असे आहे. ते केवळ आमचे मत म्हणून मांडण्यापेक्षा स्वतः बाबासाहेब काय वाचीत आणि कसे वाचीत, हे इतिहासाचे शिक्षक या नात्याने येथे सांगावे, म्हणजे निर्णय वाचकांनाच घेता येईल, असे आम्हांस वाटते.

बाबासाहेब किती वाचीत, हे आपल्याकडे दर जयंतीला सांगितले जाते. अठरा तास अभ्यास, राजगृहातील पन्नास हजारांवर ग्रंथ, हे आकडे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. ते ऐकून मुले टाळ्या वाजवितात आणि मनातून घाबरतात. ते कसे वाचीत, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. वस्तुतः मुलाला अनुकरण करता येईल असा भाग तोच आहे.

याविषयीचा सर्वांत मोलाचा पुरावा बाबासाहेबांच्याच हातचा आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली, ती १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही; पुढे १९८० साली भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली. आपल्यापैकी अनेकांनी मूळ ग्रंथ वाचला असेल, पण ही प्रस्तावना पाहिली नसेल. तीत बाबासाहेब आपल्या बालपणीच्या वाचनाविषयी सांगतात. सुभेदार रामजी कबीरपंथी होते आणि घरातील शिस्त कडक होती. रोज रात्री निजण्यापूर्वी भीमराव व त्यांचे थोरले बंधू यांनी रामायण-महाभारतातील भाग मोठ्याने वाचावयाचे आणि बहिणींनी व कथा ऐकावयास जमलेल्या मंडळींनी ऐकावयाचे, असा परिपाठ कित्येक वर्षे चालला होता. म्हणजे आपल्या खालच्या फळीवरील दोन ग्रंथ बाबासाहेबांनी लहानपणी नुसते वाचले नव्हते, तर वर्षानुवर्षे इतरांना वाचून दाखविले होते.

या वाचनातून काय झाले, हे त्याहून महत्त्वाचे. मुलाने वडिलांनाच विचारले की, ज्या ग्रंथांत आपल्यासारख्यांची अवहेलना आहे ते आम्हांला का वाचावयास लावता? वडिलांनी उत्तर दिले की, आपण अस्पृश्य आहोत, मनात न्यूनगंड निर्माण होणे साहजिक आहे. द्रोण आणि कर्ण लहान अवस्थेतून मोठे झाले, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला, हे वाचले की तो गंड जातो. उत्तर प्रेमळ होते, त्यात तथ्यही होते. पण मुलाचे समाधान झाले नाही. महाभारतातील एकही व्यक्ती आपल्याला आवडत नाही, भीष्म नाही, द्रोण नाही, कृष्णही नाही, असे त्याने वडिलांना सांगितले आणि प्रत्येकाविषयी कारणही दिले. आम्हांला या प्रसंगात वडिलांचेही मोठेपण दिसते. ज्या काळी मुलाने वडिलांपुढे मान वर करू नये असा दंडक होता, त्या काळी एका लष्करी सुभेदाराने मुलाचा असा आक्षेप ऐकून घेतला.

याच प्रस्तावनेत दादा केळुसकरांची आठवण आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले, हे आपण सारेच जाणतो. बहुतेक चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकच्या यशाशी जोडतात. बाबासाहेब स्वतः मात्र प्रस्तावनेत इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरच्या सभेचा उल्लेख करतात. इयत्तेचा हा फरक लहान आहे, तरी आमच्यासारख्यांना तो खटकतो, म्हणून नोंदविला. मुख्य गोष्ट निराळीच आहे. ते चरित्र वाचताना आपले मन रिकामे नव्हते, आपल्यापाशी आधीची पार्श्वभूमी होती आणि म्हणून बौद्ध वाङ्मय वाचताना आपल्याला नेहमी तुलना करता आली, असे बाबासाहेब लिहितात. बुद्धाकडे ते रामायण-महाभारत वाचून, त्यांच्याशी भांडून आले. ती कथाकथने घरात झालीच नसती, तर केळुसकरांच्या पुस्तकाचा ठसा इतका खोल उमटला असता का, हे आम्हांला सांगता येणार नाही. पण तुलनेला दुसरी बाजूच उरली नसती, हे निश्चित.

पुढे शाळेत त्यांना संस्कृत नाकारले गेले आणि फारशी घ्यावी लागली. ज्या भाषेत आपल्याविषयीचे सर्व निर्बंध लिहिलेले आहेत, ती भाषाच शिकू द्यावयाची नाही, अशी ही व्यवस्था होती. यावर त्यांनी केलेला उपाय आपल्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत ते आपले संस्कृतवर प्रभुत्व नसल्याचे उघडपणे मान्य करतात आणि पुढे सांगतात की, या विषयाचे बहुतेक साहित्य इंग्रजी भाषांतरात उपलब्ध आहे. पंधरा वर्षे त्याचा अभ्यास केल्यावर माझ्यासारख्या सामान्य बुद्धीच्या माणसालाही या विषयावर लिहिण्याइतकी पात्रता यावयास हरकत नाही. या वाक्यातील विनय जितका खरा आहे तितकाच त्यातला टोलाही. भाषांतरातून वाचणे म्हणजे कमी प्रतीचे वाचन, असे मानणारी मंडळी आजही आहेत. आपल्या खालच्या फळीवर भाषांतरेच आहेत, आणि ती असण्यात काहीही कमीपणा नाही.

आता परदेशातील वाचनाकडे वळू. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला असताना त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके खरेदी केली, असे धनंजय कीर लिहितात. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या, घरी पैसे पाठवावे लागणाऱ्या विद्यार्थ्याची ही खरेदी आहे. १९१७ साली परत येताना त्यांचे सामान ज्या जहाजावर होते ते महायुद्धात पाणतीराने बुडाले आणि त्यासोबत पुस्तकेही गेली. त्यानंतरचे लंडन, ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय, उघडण्यापासून बंद होईपर्यंतची बैठक, अर्धपोटी दिवस, हे सारे इतक्या वेळा सांगून झाले आहे की आम्ही येथे थांबत नाही.

थांबावयाचे ते कोलंबिया विद्यापीठात. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. आम्ही नववी-दहावीच्या मुलांना वाचनाचा धडा म्हणून हाच निबंध सांगतो. कारण एखादा लेखक दुसऱ्या लेखकाला कसा वाचतो, हे त्यात पायरीपायरीने दिसते. जातीची व्याख्या करणारे चार अभ्यासक ते निवडतात: फ्रान्सचे सेनार, इंग्रज अधिकारी नेसफील्ड व रिझ्ले, आणि आपले ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. सेनार विटाळाच्या कल्पनेवर भर देतात. बाबासाहेब म्हणतात की विटाळ ही पुरोहिती कर्मकांडाची गोष्ट आहे, जातीचे ते मूळ नव्हे. नेसफील्ड परजातीशी रोटीव्यवहार नसण्याला लक्षण मानतात. बाबासाहेब म्हणतात की येथे परिणामालाच कारण समजले आहे, जात स्वतःला कोंडून घेते म्हणून रोटीव्यवहार थांबतो. केतकरांचा ते आदराने उल्लेख करतात, ते एतद्देशीय असून त्यांची दृष्टी चिकित्सक आहे असे सांगतात. पण केतकर जी दोन लक्षणे देतात, जन्मावरून सभासदत्व आणि परजातीत विवाहाला बंदी, ती दोन नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे दाखवून देतात. असे एकेक टरफल काढीत ते सजातीय विवाहाच्या नियमापाशी येतात आणि तोच जातीचा गाभा आहे असे प्रतिपादन करतात.

या चौघांपैकी एकाचेही पुस्तक त्यांनी बाजूला सारले नाही. एकाचेही जसेच्या तसे स्वीकारलेही नाही. प्रत्येकाकडून जेवढे घेण्यासारखे तेवढे घेतले आणि उरलेल्याची चूक नेमकी कोठे आहे ते सांगितले. मुलांना आम्ही हा निबंध फळ्यावर चार रकाने करून समजावितो, आणि सातवीपर्यंत ‘निबंध’ म्हणजे पावसाळ्यातील एक दिवस असे समजणारी मुले येथे पहिल्यांदा सावरून बसतात.

ज्यांच्याविषयी त्यांना आदर होता, त्यांनाही या दृष्टीतून सूट नव्हती. बर्ट्रांड रसेल यांच्या समाजपुनर्रचनेवरील पुस्तकाचे त्यांनी १९१८ साली विस्तृत परीक्षण लिहिले. रसेल यांचा युद्धविरोध वाचून भारतीय वाचक त्यातून निष्क्रियतेचे समर्थन काढील, जगापासून दूर राहणे हेच श्रेष्ठ अशी आपली जुनी समजूत घट्ट करील, हा धोका त्यांना दिसला आणि त्यांनी वाचकाला तसे बजावले. शक्ती आणि हिंसा या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यांनी तेथे स्पष्ट केले. संपत्तीविषयीच्या रसेल यांच्या विवेचनाशी मात्र ते अनेक ठिकाणी असहमत झाले. कोलंबियातील त्यांचे गुरू जॉन ड्युई यांचे ऋण त्यांनी ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात मान्य केले आहे; ड्युई यांच्या शिक्षणविषयक ग्रंथाची त्यांची स्वतःची प्रत अभ्यासकांनी पाहिली आहे आणि ती रंगीत पेन्सिलीच्या रेघांनी भरलेली आहे.

त्यांच्या आवडीनिवडीविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर ते केवळ वादासाठीच वाचीत असा समज होईल. कायदा, अर्थशास्त्र, इतिहास आणि धर्म यांवर त्यांचा भर होता हे उघडच आहे. पण टॉलस्टॉय यांचे चरित्र, व्हिक्टर ह्यूगो यांची ‘ले मिझराब्ल’ आणि टॉमस हार्डी यांची ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ या पुस्तकांनी आपल्याला रडविले, असे त्यांनी सांगितल्याची नोंद कीरांच्या चरित्रात आहे. एका पावासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाच्या कथेने त्यांचे डोळे भरावेत, यात नवल नाही. मराठी संतवाङ्मयही त्यांच्या हाताशी होते. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकारामांचे शब्द होते आणि ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या. ज्यांना समाजाने बोलू दिले नाही त्यांच्या पत्राने ज्ञानेश्वरी कपाळावर मिरवावी, हे त्या काळच्या कित्येक सनातन्यांना बोचले असेल. पण त्या ओव्यांवर आपलाही हक्क आहे असे मानूनच त्यांनी त्या छापल्या.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे मनुस्मृतीकडे येऊ. महाडच्या परिषदेत दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला आणि त्याच रात्री दहन झाले. पुढे टीका झाली तेव्हा बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’मधून उत्तर देताना विदेशी कापडाच्या होळीचा दाखला दिला. कापडाची होळी करणाऱ्यांना जगातले सारे कापड नष्ट होईल अशी आशा नव्हती. ती गुलामगिरीविरुद्धची जाहीर घोषणा होती. दहनाचा अर्थही तोच होता. मनूचा अधिकार आम्हांला मान्य नाही, ही घोषणा त्या रात्री झाली. मनू वाचावयाचा नाही, असे तेथे कोणी म्हटले नाही. उलट दहनानंतरच्या तीस वर्षांत बाबासाहेबांनी मनुस्मृती जितकी बारकाईने वाचली, तितकी तिच्या फार थोड्या उपासकांनी वाचली असेल. ‘जातिनिर्मूलन’ उघडा, ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ उघडा, मनूचे आधार ठिकठिकाणी सापडतात. आरोपपत्र लिहावयाचे तर पुरावा हाताशी ठेवावा लागतो, हे बॅरिस्टरला कोणी शिकवावे लागत नाही.

‘हिंदुत्वातील कोडी’ हा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने लेखन-भाषणांच्या चौथ्या खंडात १९८७ साली प्रसिद्ध केला, तेव्हा राम व कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून जे वादळ उठले ते पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. आम्ही त्या वेळी महाविद्यालयात होतो. दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले. त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली की, ते परिशिष्ट लिहिताना बाबासाहेबांनी वाल्मीकीच्या रामायणाचाच आधार घेतला आहे. आता समजा, आपल्या शाळेतील मुलाने तो चौथा खंड वाचला आणि बाहेर कोणी त्याला विचारले की रामायणात हे खरोखर आहे का, तर त्याने काय उत्तर द्यावे? बाबासाहेबांनी लिहिले आहे म्हणून खरे, असे? की मी स्वतः पाहिले आहे, असे?

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि ती आपल्याच घरची आहे. बाबासाहेबांची ही चिकित्सा केवळ परक्यांच्या ग्रंथांसाठी नव्हती. पी. लक्ष्मी नरसू यांचा बौद्ध धम्मावरील इंग्रजी ग्रंथ त्यांना इतका आवडला की १९४८ साली त्यांनी तो स्वतःच्या प्रस्तावनेसह पुन्हा प्रकाशात आणला. पाली शिकण्यासाठी त्यांनी स्वतः शब्दकोशाचे काम हाती घेतले. पण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या सुरुवातीलाच ते परंपरेपुढे चार प्रश्न उभे करतात. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून गृहत्याग केला हे सयुक्तिक आहे काय? एकोणतीस वर्षे वयापर्यंत त्याला हे दिसलेच नसेल काय? चार आर्यसत्ये मूळ उपदेशातील आहेत काय? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? भिक्खू निर्माण करण्यामागे बुद्धाचा हेतू कोणता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात शोधले. पाण्यासाठी महाडला सत्याग्रह केलेल्या माणसाला हे उत्तर दिसावे, याचे आम्हांला फार महत्त्व वाटते. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीतील निवासस्थानी त्यांनी जी कागदपत्रे उशाशी मागून घेतली, त्यांत याच ग्रंथाची प्रस्तावना व परिचय होता.

विनयपिटक आपण भिक्खूंच्या आचाराचा ग्रंथ म्हणून वाचतो. त्यांनी तो कायदेपंडिताच्या नजरेने वाचला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात त्यांनी दाखवून दिले की आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, प्रतोद, गुप्त मतदान, हे संसदीय नियम भिक्खुसंघाला ठाऊक होते. ज्यांनी आयुष्यभर विनयपिटकाची पूजा केली असेल त्यांनाही तो ग्रंथ असा वाचता येतो हे सुचले नसावे.

पालकांच्या शंकेत एक भाग मात्र आम्ही पूर्णपणे मान्य करतो. बाबासाहेबांनी रामायण वडिलांसमोर, प्रश्न विचारीत वाचले. पाचवीतल्या मुलाच्या हाती ते नुसते सोपवून दिले, तर तो ते भक्तिभावाने वाचील किंवा मुळीच वाचणार नाही. दोन्ही गोष्टींचा उपयोग नाही. म्हणून खालच्या फळीवरील पुस्तके नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांनाच दिली जातात, तीही वाचनतासाला, शिक्षक समोर असताना. मनुस्मृती घेणाऱ्याने सोबत महात्मा फुले यांची १८७३ सालची ‘गुलामगिरी’ घ्यावयाची असा नियम आम्ही केला आहे. सायंकाळच्या वंदनेनंतरच्या तासाला प्रत्येक मुलाने वहीत वाचलेल्या भागावर एक प्रश्न लिहावयाचा असतो. प्रश्न ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’वरही लिहिता येतो, आणि मुले तो लिहितात.

बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात वसतिगृह उघडले, तेव्हा तेथील मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक काढले होते. वसतिगृहातील मुलांना अन्नाबरोबर वाचावयास आणि लिहावयास मिळाले पाहिजे, ही कल्पना आपल्या शाळेपूर्वीची आहे.

माजी विद्यार्थ्यांनी या वर्षी ग्रंथालयास पुस्तके देण्याचे ठरविले आहे, त्यांना एक विनंती आहे. बाबासाहेबांच्या खंडांचे तीन संच आपल्याकडे आहेत, त्यांतील दोन अजून कोरे आहेत. चौथा कृपया आणू नये. हवे आहेत ते केतकरांच्या जातिविषयक ग्रंथाचे मराठी भाषांतर, ह्यूगो यांच्या कादंबरीचा मुलांना झेपेल असा अनुवाद, केळुसकरांचे बुद्धचरित्र, पाली-मराठी शब्दकोश आणि ज्ञानेश्वरीची सुलभ गद्य आवृत्ती. जुनी, वापरलेली प्रत असली तरी चालेल. पानांवर कोणाच्या पेन्सिलीच्या खुणा असल्या तर त्या पुसू नयेत.